माळ्यावरच्या कॅसेटी: टेपवरून आवाज उतरवण्यापासून घरच्या सर्व्हरपर्यंत

कॅसेटी डिजिटल करायच्या म्हटलं की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर शोधतात, मग एखादा स्वस्त यूएसबी प्लेअर मागवतात आणि डेककडे, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राकडे, सगळ्यात शेवटी बघतात. क्रम नेमका उलटा हवा. टेपवरून आवाज नीट उचलला गेला नाही तर पुढे कुठलंच सॉफ्टवेअर तो परत आणत नाही. नीट उचलला गेला, तर पुढचं काम चहा पीत करण्यासारखं आहे. म्हणून या लेखात कॅसेट आणि टेपरेकॉर्डर यांवर जास्त जागा खर्च केली आहे. सर्व्हरचा, म्हणजे घरच्यांना फाइली ऐकता याव्यात म्हणून सतत चालू ठेवलेल्या संगणकाचा, भाग लहान आहे, कारण तो खरोखरच सोपा आहे.

आधी कोणत्या कॅसेटी घ्यायच्या

ढिगाचे तीन भाग करा. पहिला भाग घरी रेकॉर्ड केलेल्यांचा: आजीच्या ओव्या, बारशाचा गोंधळ, गावातलं कीर्तन, परदेशी गेलेल्या मुलाला पाठवलेली 'बोलकी पत्रं'. दुसरा भाग रेडिओवरून टेप केलेल्यांचा: नभोनाट्यं, 'आपली आवड', एखाद्या संमेलनातलं भाषण. तिसरा भाग दुकानातून विकत घेतलेल्या छापील कॅसेटींचा.

काम याच क्रमाने करा. तिसऱ्या भागातलं बरंचसं संगीत आज सीडीवर किंवा ऑनलाइन सापडतं, तेही तुमच्या टेपपेक्षा चांगल्या प्रतीत. पहिल्या भागातल्या कॅसेटीची जगात एकच प्रत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या काही आज 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही.

उलट, गंमत म्हणून सगळे सुरुवात करतात ती सिनेमाच्या गाण्यांपासून. हात बसवायला एक-दोन छापील कॅसेटी घ्यायला हरकत नाही, पण तिथेच अडकू नका.

कॅसेट उघड्या डोळ्यांनी तपासा

फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट बाजारात आणली तेव्हा ती मुख्यतः बोलणं टिपण्यासाठी होती. टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. एवढ्या पट्टीत दोन्ही बाजूंचे मिळून स्टिरिओचे चार ट्रॅक बसवलेले असतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला अर्ध्या मिलिमीटरहून जरासंच जास्त. आता धुळीचा एक कण तिथे काय करत असेल याचा अंदाज येईल.

सर्वांत आधी, कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या जिभा मोडून टाका. त्या गेल्या की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जात नाही. कुणी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली असेल तर तीही काढा.

मग कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपची गुंडाळी बघा. कडा सारख्या, चकचकीत तपकिरी दिसल्या तर ठीक. पांढरट भुकटी किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत हे हमखास होतं. अशी कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, हाताळताना तोंडाला मास्क लावा आणि आपल्या चांगल्या डेकमध्ये ती कधीही घालू नका. एक स्वस्तातला जुना टेपरेकॉर्डर याच कामासाठी बाजूला ठेवलेला बरा.

त्यानंतर खालच्या उघड्या कडेला मधोमध तांब्याच्या पातळ पट्टीवर बसवलेली फेल्टची चौकोनी गादी शोधा. टेप हेडला दाबून धरण्याचं काम ती करते. जुन्या कॅसेटींत तिचा गोंद सुकतो आणि गादी गळून पडते. मग आवाज दबका, येत-जात राहणारा ऐकू येतो आणि माणूस उगाच डेकला दोष देतो. कवच पाच स्क्रूंचं असेल तर ते उघडून दुसऱ्या टाकाऊ कॅसेटमधली गादी पट्टीसकट बसवता येते. कवच चिकटवलेलं असेल तर पातळ सुरीने सांध्यावरून हळूच फोडायचं आणि टेपची दोन्ही रिळं स्क्रूवाल्या कवचात हलवायची. हे काम पांढऱ्या कागदावर करा. आतले छोटे रोलर आणि सरकते कागद कुठे होते याचा कवच उघडल्याबरोबर फोटो काढा.

टेप तुटली असेल तर साधी सेलोटेप लावू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे थर चिकटतात. कॅसेटसाठीच्या रुंदीची स्प्लायसिंग टेप मिळते, ती टेपच्या चकचकीत पाठीवर लावायची. हेडला घासणारी बाजू मोकळी राहिली पाहिजे.

सी-६० बिनधास्त चालवा, सी-९० जपून (आकडा म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून मिनिटं). सी-१२० ची टेप फार पातळ असते, ती फॉरवर्ड-रिवाइंड कमीत कमी करा. बाकीच्यांना मात्र रेकॉर्डिंगआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यायचं. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत बसलेली गुंडाळी त्याने मोकळी होते. गुंडाळी फारच घट्ट वाटली तर पहिला फेरा पेन्सिल घालून हातानेच फिरवा.

डेक कोणता, आणि त्याची साफसफाई

नवे मिळणारे यूएसबी कॅसेट प्लेअर बहुतेक एकाच छापाचे, हलक्या प्लास्टिक यंत्रणेचे असतात. त्यांचा वेग डुलतो, आणि तंबोऱ्यावर ते लगेच कळतं. त्यापेक्षा जुन्या म्युझिक सिस्टिमचा घटक म्हणून आलेला, मागे लाइन-आउट (आवाज दुसऱ्या यंत्राला देणारी जोडणी) असलेला डेक शोधा. ऑटो-रिव्हर्सवाला टाळा, कारण त्याचं हेड फिरून फिरून जागा सोडतं. मुंबईत चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार ही नेहमीची ठिकाणं. सुटे भाग, केबली, पट्टे यांसाठी लॅमिंग्टन रोड किंवा बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दुकानात एक कॅसेट खिशात घेऊनच जा: दोन्ही चॅनेल वाजतात का, टेप खात नाही ना, फॉरवर्ड-रिवाइंड शेवटपर्यंत जातं का, हे तिथेच बघा. 'चालू आहे साहेब, फक्त बेल्ट बदला' हे वाक्य कधीकधी खरं असतं.

बेल्ट म्हणजे मोटरवरून चाकाला फिरवणारा रबरी पट्टा. तो सैल पडतो किंवा वितळून डांबरासारखा काळा चिकटा होतो. तो चिकटा कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा लागतो. कपड्याला लागला तर कपडा गेला असं समजा.

साफसफाईला तीनच जागा लक्षात ठेवा. हेड, म्हणजे टेप जिथे घासते तो चकचकीत धातूचा ठोकळा. कॅपस्टन, म्हणजे टेप ओढणारी बारीक पोलादी काडी. आणि तिला दाबून बसणारा काळा रबरी पिंच रोलर. पहिल्या दोघांना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबडवर थोडंसं. कॅपस्टनवर तपकिरी कडी जमलेली असते, ती पूर्ण निघेपर्यंत घासा. रबराला मात्र साबणाचं कोमट पाणी पुरतं, नंतर कोरडं पुसायचं. औषधाच्या दुकानातल्या जखमेच्या स्पिरिटमध्ये इतर पदार्थ मिसळलेले असतात, ते वापरू नका. दर चार-पाच कॅसेटींनंतर हे पुन्हा करायचं, आणि टेप जुनाट असेल तर प्रत्येक कॅसेटनंतर.

ॲझिमथ: इथे कंजूषी नको

हेडमध्ये एक अतिशय बारीक उभी फट असते, एक-दोन मायक्रॉनची. ती टेपच्या दिशेला बरोबर काटकोनात असली पाहिजे. या कोनालाच ॲझिमथ म्हणतात. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राची फट जरा तिरकी असेल आणि तुमच्या डेकची सरळ, तर वरचे स्वर गायब होतात. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. घरच्या कॅसेटी कुठल्यातरी टू-इन-वनवर केलेल्या, त्याचं हेड कारखान्यातूनच जरा कललेलं, त्यामुळे हा दोष घरगुती रेकॉर्डिंगमध्ये जवळपास नेहमीच असतो. लोक म्हणतात 'टेप खराब झाली'. टेप धडधाकट असते.

उपाय साधा आहे. हेडच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो. त्यातला एक घट्ट असतो, दुसऱ्याखाली स्प्रिंग असते आणि बऱ्याचदा त्यावर रंगाचा ठिपका. हा स्प्रिंगवाला ॲझिमथचा. पुष्कळ डेकमध्ये कॅसेट वाजत असतानाच झाकणाखालच्या भोकातून त्याच्यापर्यंत पोहोचता येतं. नाही तर कप्प्याचं प्लास्टिक झाकण वर सरकवून काढता येतं. आधी स्क्रूची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. पेचकस चुंबकीय नको.

आता हेडफोन लावा आणि आवाज मोनो करा. डावा-उजवा एकत्र मिसळले की ॲझिमथची चूक कैकपट स्पष्ट ऐकू येते, कारण दोन्हीकडचे वरचे स्वर एकमेकांना खोडतात. कॅसेटवर टाळ, चिपळ्या, टाळ्या किंवा निदान बोलण्यातले 'स', 'श' असतील असा भाग लावा आणि स्क्रू केसभर फिरवा. एका बाजूला टाळ बोथट होत जाईल, दुसऱ्या बाजूला उघडत जाईल. थोडं पुढे गेलात की पुन्हा बोथट. मधला सर्वांत टोकदार बिंदू पकडायचा आणि थांबायचं. एकूण फिरवणं सहसा पाव वळणाच्या आतच असतं, त्यापलीकडे जावं लागलं तर दोष दुसरीकडे आहे. कीर्तनाच्या कॅसेटवर हे पहिल्यांदा करताना मागच्या टाळकऱ्यांची रांग अचानक वेगळी ऐकू येते, आणि मग माणूस हा छंद सोडत नाही.

प्रत्येक घरगुती कॅसेटसाठी हे नव्याने करायचं. काम झालं की स्क्रू खुणेवर परत.

टेपची खरखर कमी करणाऱ्या डॉल्बीचं बटण घरगुती कॅसेटसाठी बंद ठेवा, कारण टू-इन-वनमध्ये ते नसायचंच. छापील कॅसेटच्या कार्डावर खूण असेल तरच चालू करा. टेपचा प्रकार निवडायचं बटण असेल तर साध्या टेपला 'नॉर्मल', क्रोमला 'क्रोम'.

संगणकात आणताना

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात डेकची वायर घालू नका. ते भोक मोनो असतं आणि माइकच्या क्षीण सिग्नलसाठी केलेलं असतं, डेकचा जोरदार सिग्नल तिथे फाटतो. लाइन-इन असलेलं बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. बेहरिंगर यूसीए-२०२ सारखं साधं कार्डही या कामाला पुरेसं आहे. टेपवर जेवढं आहे त्याच्यापेक्षा ते कितीतरी चांगलं टिपतं. महागड्या कार्डाचे पैसे डेकच्या दुरुस्तीत घाला.

जोडल्यावर 'घूं' असा सलग आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने तो जातो.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ४४,१०० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. मूळ रेकॉर्डिंग मोनो असलं तरी दोन्ही चॅनेल घ्या, कारण बऱ्याचदा एक बाजू दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते आणि नंतर तीच ठेवता येते. कॅसेटमधला सर्वांत मोठा आवाज शोधा (टाळ्या, ढोलकी, माइक हलवल्याचा धप्प) आणि तो उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील एवढी पातळी ठेवा. शून्याला टेकलेला आवाज कायमचा फाटतो. थोडा लहान आला तर काही बिघडत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचे 'आवाज सुधारक' पर्याय सगळे बंद.

एक बाजू सलग रेकॉर्ड करा, मध्ये थांबू नका. ऐकत असाल तर कंट्रोल-एम दाबून जागच्या जागी खुणा टाकता येतात, पुढे त्याच खुणांवरून वेगळ्या फाइली होतात. तासाभराच्या रेकॉर्डिंगला साधारण ९५० एमबी लागतात, फ्लॅकमध्ये साठवलं तर त्याहून बरंच कमी, आणि आवाजात काडीचाही फरक पडत नाही. हीच तुमची मूळ प्रत. हिच्यावर कोणतीही करामत करायची नाही.

वेग आणि खरखर

जुना रेकॉर्डर सेल संपत आलेले असताना चालवला असेल तर आज तीच कॅसेट वाजवताना आजोबा लहान मुलासारखे बोलतात. गाणं असेल तर पेटीवर सूर लावून बघा. बोलणंच असेल तर एक युक्ती आहे. रेकॉर्डिंग विजेवर झालं असेल तर त्यात घरच्या विजेची गुणगुण उतरलेली असते, आणि ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रमच्या आलेखात ती १०० हर्ट्झजवळ, म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट जागी, सुळक्यासारखी दिसते. सुळका १०४ वर दिसला तर टेप सुमारे चार टक्के जास्त वेगात आहे. तुमच्या डेकची स्वतःची गुणगुण वेगळी ओळखायची, कारण टेप थांबवली तरी ती राहते. आणि हे मोजमाप तंतोतंत समजू नका. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडच्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी ५० वर स्थिर नसायची, ४९ च्या खालीही जायची. आकड्याने जवळ जा, शेवटचं कानाने ठरवा.

खरखर काढण्याचा मोह आवरा. ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन सहा डेसिबलपर्यंत ठीक. त्यापुढे माणूस पाण्याखालून बोलायला लागतो. टेपची 'स्स्स' कानाला पाच मिनिटांत सवयीची होते, पाण्याचे बुडबुडे होत नाहीत. जे काही कराल ते प्रतीवर करा.

नावं आणि माणसं

फाइलीचं नाव तारखेने सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, मग ठिकाण, मग विषय. नक्की तारीख माहीत नसेल तर नुसतं '१९८६-सुमारे'. देवनागरी नावं आज सगळीकडे चालतात, एक मर्यादा तेवढी लक्षात ठेवा: लिनक्सवर नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा धरून. म्हणजे नावात पंच्याऐंशीच चिन्हं. 'कै. आबांच्या एकसष्टीनिमित्त' वगैरे मजकूर नावात कोंबू नका, तो टॅगमध्ये (फाइलीच्या आत साठवलेल्या माहितीत) किंवा शेजारच्या मजकुराच्या फाइलीत लिहा. कॅसेटच्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा, पेनाने लिहिलेल्या खाडाखोडीसकट.

एक काम लांबणीवर टाकू नका. घरातल्या जाणत्या माणसाला फाइल ऐकवा आणि ते बोलत असताना फोनवर रेकॉर्ड करत राहा. 'ही सुमन नाही गं, ही तिची जाऊ', 'मागे भुंकतोय तो मोत्या'. हे रेकॉर्डिंग मूळ फाइलीच्या शेजारीच ठेवा. टॅग भरायला लागणारी सगळी माहिती त्यातच मिळते.

घरचा सर्व्हर

सात-आठ वर्षांचा जुना लॅपटॉप घ्या. स्क्रीन फुटलेली चालेल. बॅटरी मात्र तपासा. टचपॅड वर आलेला किंवा तळ फुगलेला दिसला तर ती काढून टाका, त्यात तडजोड नाही. धडधाकट बॅटरी असेल तर लोडशेडिंगमध्ये तीच यूपीएस होते. असा लॅपटॉप साधारण १५ वॅट खातो असं धरलं तर महिन्याला अकरा युनिट.

त्यावर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाका, डेस्कटॉपशिवाय. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, ती सेटिंग बंद करा. नवख्यांचा सर्व्हर 'अचानक गायब' होण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण, राउटर दर वेळी नवा पत्ता देतो. राउटरमध्ये जाऊन या लॅपटॉपला कायमचा पत्ता राखून ठेवा. जमेल तिथे वायफायऐवजी केबल.

आवाजासाठी नॅव्हिड्रोम हे मोफत सॉफ्टवेअर मला सर्वांत योग्य वाटतं. हलकं आहे, संगीताचं फोल्डर दाखवलं की टॅग वाचून यादी करतं, आणि 'सबसॉनिक' या ठरलेल्या पद्धतीने सर्व्हरशी बोलणारी फोनवरची कुठलीही ॲप त्याला जोडता येतात. व्हिडिओही ठेवायचे असतील तर जेलीफिन हे तसंच मोफत सॉफ्टवेअर. सुरुवातीलाच दहा सेवा चढवण्याची हौस या छंदात सगळ्यांना येते. एक नीट चालू द्या.

पुण्याहून नागपूरला किंवा न्यू जर्सीला असलेल्या भावंडांना ऐकवायचं असेल तर राउटरचे दरवाजे इंटरनेटला उघडू नका. आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतोच, त्यामुळे तो मार्ग तसाही चालत नाही. टेलस्केलसारखं खासगी जाळं दोन्हीकडे बसवा, काम होतं. छापील कॅसेटींचं संगीत मात्र घरापुरतंच ठेवा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, आणि गीत-संगीताचे हक्क त्याहून वेगळे.

सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ फ्लॅक फाइलींच्या तीन प्रती हव्यात: एक सर्व्हरवर, एक कपाटातल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरात. दुसरं घर म्हणजे बहीण, गावचं घर, कुणीही भरवशाचं. सहा महिन्यांनी डिस्क लावून दोन-चार फाइली खरंच वाजवून बघायच्या.

कॅसेटी फेकू नका. पाच-दहा वर्षांनी तुमच्याकडे चांगला डेक येईल, कानही तयार झालेला असेल, आणि एखादी पुन्हा उतरवावीशी वाटेल. पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डबीत घालून, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. स्पीकरच्या शेजारी नको, तिथे चुंबक असतात. पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर पावसाळा निभावतो, फक्त पुड्या दर वर्षी मे महिन्यात बदला.